सीरममध्ये जंतू जगला, म्हणजे नक्की काय झालं?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातल्या एका मुलीनं माझ्यापुढं वही उघडली. लघवीच्या संसर्गातून वेगळे केलेले ई. कोलायचे बारा नमुने आणि बाराच्या बारापुढं एकच शेरा: सीरम रेझिस्टंट, म्हणजे माणसाच्या सीरममध्ये न मरणारा. पोरगी खुशीत होती. मी विचारलं, "के-१२ लावला होतास का?" के-१२ हा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला, मऊ पडलेला ई. कोलाय. माणसाच्या ताज्या सीरममध्ये तो तासभरसुद्धा तग धरत नाही. तिनं तो लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला, तर तोही मजेत वाढला. टेबल पुसता पुसता आमचे लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, जंतूचं काय न्हाई, सीरमच मेलंय वाटतं."

मामा बरोबर होते. तिनं रक्तपेढीतून मुदत संपलेल्या पिशवीतला पिवळा द्रव आणला होता आणि त्यालाच सीरम समजली होती. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्तातल्या मारेकरी प्रथिनांची मुख्य वाट सुरूच होत नाही. त्यात तो द्रव कित्येक दिवस पडून होता. जंतूंनी काहीही पराक्रम केला नव्हता.

त्यानंतर दर वर्षी मुलांना हेच तोंडी सांगत आले. यंदा लिहून काढते आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्यांना हे उपयोगी पडावं. प्रयोग करायचा नसेल आणि फक्त कुतूहल असेल, त्यांनी पहिले दोन भाग वाचले तरी चालेल.

सीरम मारतं कसं

रक्त साध्या ट्यूबमध्ये गोठू दिलं की गुठळीच्या वर पिवळसर पारदर्शक भाग सुटतो, तो सीरम. त्यात पेशी नसतात. प्रतिपिंडं असतात, आणि कॉम्प्लिमेंट नावाची तीसहून अधिक प्रथिनांची टोळी असते. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांना दिसलं की कॉलऱ्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या गिनीपिगच्या पोटात कॉलऱ्याचे जंतू सोडले तर ते अक्षरशः विरघळतात. पुढं ज्यूल बोर्दे यांनी दाखवलं की या कामाला दोघं लागतात. एक उष्णता सोसणारा, तो प्रतिपिंड. दुसरा उष्णतेनं निकामी होणारा, तो कॉम्प्लिमेंट. तापवून 'मेलेल्या' सीरममध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या प्राण्याचं थोडं ताजं सीरम घातलं की ते पुन्हा मारायला लागतं. बोर्दे यांना १९१९ चं नोबेल मिळालं. आपल्या प्रयोगातलं सर्वांत महत्त्वाचं कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावायचं तापवलेलं सीरम, तिथूनच आलेलं आहे.

टोळी तीन वाटांनी जागी होते. जंतूवर बसलेलं प्रतिपिंड पाहून, ही क्लासिकल वाट. जंतूच्या अंगावरची साखर ओळखून, ही लेक्टिन वाट. आणि तिसरी, ऑल्टरनेटिव्ह, जी कुणाची वाट न बघता सतत मंद आचेवर चालूच असते. तिन्ही वाटा सी-३ या प्रथिनापाशी एकत्र येतात. सी-३ चे तुकडे जंतूला चिकटतात, मग सी-५ तुटतं, त्याला सी-६, सी-७, सी-८ येऊन मिळतात आणि शेवटी सी-९ चे साधारण अठरा रेणू कडं करून बसतात. त्या कड्याचं भोक जंतूच्या बाहेरच्या पटलात पडतं, पाठोपाठ आतलं पटलही ढासळतं आणि जंतू संपतो.

इथं एक गोष्ट आधीच सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी यात फसतं. हे भोक पाडण्याचं काम फक्त ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे पातळ भिंतीच्या आणि बाहेर आणखी एक पटल असलेल्या जंतूंवर चालतं. स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस यांची भिंत इतकी जाड असते की कडं आतल्या पटलापर्यंत पोचतच नाही. त्यांना नुसतं सीरम मारत नाही. सीरम त्यांच्यावर खुणेचे ठिपके लावतं आणि पांढऱ्या पेशी येऊन त्यांना गिळतात. तेव्हा स्टॅफ घेऊन सीरमचा प्रयोग केला आणि 'शंभर टक्के रेझिस्टंट' लिहिलं, तर परीक्षक चहाचा कप खाली ठेवून तुमच्याकडं बघेल.

जंतू निसटतो कसा

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे लगेच कळेल. पकड बसली तरच डाव लागतो, म्हणून जंतूची सगळी धडपड पकड बसू न देण्याची असते.

पहिला उपाय म्हणजे लांब हात. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेबसिएला यांच्या बाहेरच्या पटलावर लिपोपॉलिसॅकराइड असतं आणि त्याच्या टोकाला साखरेची साखळी, ओ-अँटिजेन. ही साखळी लांब असेल तर कॉम्प्लिमेंट बसतं, पण टोकाशी, पटलापासून दूर. कडं तयार होतं, पण पटलात रुतत नाही आणि गळून पडतं. कॉम्प्लिमेंट जागंच झालं नाही असं नव्हे. जागं होतं, खर्चही होतं, पण फुकट जातं. के-१२ ला ही साखळीच नाही, म्हणून तो बिचारा लगेच मरतो.

दुसरं, आवरण. नवजात बाळांत मेंदूज्वर करणाऱ्या ई. कोलायमध्ये के-१ नावाचं आवरण बऱ्याचदा सापडतं. ते सायालिक आम्लाच्या साखळीचं असतं. तीच साखर आपल्या स्वतःच्या पेशींवरही असते. मेंदूज्वराचाच दुसरा जंतू म्हणजे मेनिंगोकोकस, त्याच्या बी गटाचं आवरणही तेच. आपल्या रक्तात फॅक्टर एच नावाचा राखणदार फिरत असतो. सायालिक आम्ल दिसलं की 'हा घरचाच' म्हणून तो कॉम्प्लिमेंटला आवरतो, आणि जंतू त्या ओळखीवर सुटतो. गोनोरियाचा जंतू तर आणखी चलाख. सायालिक आम्ल तो स्वतः बनवत नाही. आपल्या शरीरातून कच्चा माल उचलतो आणि अंगावर चढवतो. म्हणूनच नुकता रुग्णातून घेतलेला गोनोकोकस सीरममध्ये टिकतो आणि प्रयोगशाळेत चारदोन वेळा वाढवलेला मरतो, हे कोडं संशोधकांना बराच काळ छळत होतं.

आवरण जाड म्हणजे जंतू सीरमला दाद देत नाही, असं मात्र सरसकट धरू नका. क्लेबसिएलाच्या बऱ्याच नमुन्यांत सीरमपासून बचाव ओ-अँटिजेनमुळं होतो, आणि आवरण जास्त करून पांढऱ्या पेशींपासून वाचवतं. कॉलनी चिकट, तार सुटणारी दिसली की मुलं आधीच निकाल लिहून मोकळी होतात.

तिसरा उपाय राखणदारालाच थेट पकडून ठेवण्याचा. मेनिंगोकोकसवर फॅक्टर एच धरणारं एक खास प्रथिन असतं, आणि बी गटाच्या लशींमध्ये तेच वापरलेलं आहे. येर्सिनियाचं एआयएल आणि साल्मोनेलाचं आरसीके ही याच धाटणीची. ई. कोलायमध्ये कॉम्प्लिमेंटपासून वाचवणारी टीआरएटी आणि आयएसएस ही प्रथिनं प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावरून येतात, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतात.

आपल्याकडं याच रांगेत लेप्टोस्पायरा येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा गावात आली. पाणी ओसरलं की लेप्टोची भीती आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांची चर्चा सुरू होते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पायावरच्या भेगेतून रक्तात शिरतो. रोग करणारा लेप्टोस्पायरा फॅक्टर एच आणि सी-४ बांधणारं प्रथिन (तोही रक्तातला राखणदारच) दोन्ही अंगावर धरतो, म्हणून रक्तात टिकतो. त्याचा निरुपद्रवी भाऊ, लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा, तोही पाण्यातच राहणारा, पण माणसाच्या सीरममध्ये पटकन मरतो. एकाच कुळातले दोघं, आणि फरक रक्तात उतरल्यावर कळतो. विषय मोहक आहे, पण प्रकल्पाला घेऊ नका. त्याला वेगळं माध्यम लागतं, तो आठवडे घेतो, नेहमीसारख्या कॉलनी मोजता येत नाहीत, आणि रोगजनक जात पदव्युत्तर प्रयोगशाळेत हाताळण्याजोगी नाही.

चौथा उपाय कात्री. सुडोमोनस एरुजिनोसा हा जंतू आपल्या प्रोटिएझनं, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं, सी-३ कापून टाकतो. याबद्दल एवढंच पुरे.

आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या प्रतिकाराहून वेगळं आहे. सीरममध्ये मरणारा जंतू सगळ्या औषधांना दाद न देणारा असू शकतो आणि उलटही. मौखिक परीक्षेत हा प्रश्न येतोच.

पायरी १: जंतू ठरवा

पहिल्या प्रकल्पाला ई. कोलाय घ्या. लघवीतून आलेले दहा नमुने आणि सोबत के-१२ कुळातला एक, डीएच-५-अल्फा चालेल. तो कुठल्याही जैवतंत्रज्ञान विभागात मिळतो. टायफॉइडचा साल्मोनेला, मेनिंगोकोकस, शिगेला यांच्या वाटेला जाऊ नका. 'रोमांचक' वाटतं म्हणून जोखीम गट बदलायचा नसतो. रुग्णाकडून आलेले नमुने जैवसुरक्षा पातळी दोनच्या सुविधेत, बायोसेफ्टी कॅबिनेटखाली हाताळायचे. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक काही वहीत येता कामा नये, फक्त तुमचा कोड.

पायरी २: परवानगी आणि रक्तदाते

माणसाचं रक्त घेणार म्हणजे संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येक दात्याची मराठीतली, त्याला समजलेली लेखी संमती. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाका. वर्गमित्रांचं रक्त 'असंच' काढणं बंद करा. मार्कांच्या भीतीनं दिलेली संमती ही संमती नव्हे.

दाता निरोगी हवा, मागच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलेला नको, ताप नको, नुकतीच लस घेतलेली नको. सकाळी, शक्यतो उपाशीपोटी. आदल्या रात्री तांबडा-पांढरा झाला असेल तर सीरम दुधासारखं गढूळ येतं. हे मी विनोदानं लिहीत नाही.

किती रक्त लागेल त्याचा हिशोब आधी करा. एका नमुन्याला ताज्या सीरमच्या तीन आणि तापवलेल्या सीरमच्या तीन ट्यूब, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर, म्हणजे ०.६ मि.लि. अकरा जंतूंना साडेसहा मि.लि. प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करायचा, म्हणजे सुमारे वीस. रक्ताच्या निम्म्याहून थोडं कमीच सीरम सुटतं. तेव्हा सहा दाते, प्रत्येकी १० मि.लि., आणि त्यात थोडं उरतं. सहांचं एकत्र करायचं, कारण एकट्या माणसाच्या सीरममध्ये एखाद्या जंतूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं असू शकतात आणि दुसऱ्याच्यात अजिबात नसतात.

पायरी ३: सीरम

इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध मिळतं. तेच दूध घरी नेऊन दुपारभर ओट्यावर ठेवलं तर काय होईल? सीरमचं तसंच आहे.

काही न घातलेली साधी ट्यूब घ्या, काचेची सगळ्यात बरी. जांभळ्या टोपीत ईडीटीए, निळ्यात सायट्रेट, हिरव्यात हेपारिन असतं. तिन्ही नकोत. जेल असलेली सोनेरी टोपीही टाळा. रक्त घेतल्यावर अर्धा तास खोलीत गोठू द्या. खोली म्हणजे पंचवीस अंशांच्या आसपासची. एप्रिलमधली आमची तिसऱ्या मजल्यावरची लॅब नव्हे. मग अर्धा-पाऊण तास बर्फात. बर्फ कारखान्यातून फोडून आणलेला चालतो, पण थर्माकोलच्या डब्यात पाणी घालून त्याचा लगदा करा. नुसत्या खड्यांत ट्यूब हवेत लोंबकळते आणि थंड होत नाही.

नंतर चार अंशांवर सेंट्रिफ्यूज, साधारण दीड ते दोन हजार जी, दहा मिनिटं. वरचा भाग हलक्या हातानं ओढा. गुलाबी झाक दिसली तर पेशी फुटल्यात, ती ट्यूब बाजूला. सगळ्यांचं बर्फात एकत्र करून लहान ट्यूबमध्ये एकेका प्रयोगापुरतं भरा आणि उणे ऐंशीत ठेवा. एकदा वितळलेलं सीरम पुन्हा गोठवायचं नाही. वितळवायचं तेही बर्फावर, हाताच्या उबेनं नव्हे.

उणे वीसच्या साध्या फ्रीझरवर माझा भरवसा नाही. तिथं सीरमचा जोर हळूहळू उतरतो, आणि वीज गेली तर एका दुपारीही उतरतो. महापुरात आमच्याकडचं वर्षभराचं सीरम असंच गेलं. ट्यूब पुन्हा गोठल्या होत्या, दिसायला नव्यासारख्या. मामांनी यावर एक युक्ती केली आहे. बाटलीत पाणी गोठवायचं आणि आतल्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून ती फ्रीझरमध्ये ठेवायची. नाणं तळाशी गेलेलं दिसलं की मधल्या काळात सगळं वितळलं होतं, टाकून द्या.

प्रत्येक सीरम कावीळ बी, सी आणि एचआयव्हीनं दूषित आहे असं धरूनच हातमोजे घाला.

पायरी ४: सीरम जिवंत आहे हे सिद्ध करा

माझ्या मते खरा प्रयोग हाच. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

सीरमचा निम्मा भाग ५६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा. बाथच्या आकड्यावर विसंबू नका, आत थर्मामीटर बुडवून बघा. पाण्याची पातळी ट्यूबमधल्या सीरमच्या वर हवी, अधूनमधून हलवा. साठच्या पुढं गेलं तर सीरम गढूळ आणि घट्ट व्हायला लागतं. या अर्ध्या तासात कॉम्प्लिमेंटचे नाजूक घटक निकामी होतात, प्रतिपिंडं टिकतात.

आता के-१२ तीन ठिकाणी सोडा: नुसत्या बफरमध्ये, ताज्या सीरममध्ये, तापवलेल्या सीरममध्ये. ३७ अंश, एक तास. बफरमध्ये तो तितकाच राहायला हवा, तापवलेल्यात टिकायला किंवा वाढायला हवा आणि ताज्यात निदान शंभर पटीनं घटायला हवा. शंभर पट हा माझा नियम आहे, तुमचे मार्गदर्शक वेगळा ठरवतील. ठरवा मात्र आधी, निकाल बघून नव्हे. सीरम यात नापास झालं तर एकही रुग्णाचा नमुना उघडू नका. ही चाचणी तिन्ही दिवशी, प्रत्येक प्रयोगासोबत पुन्हा करायची.

पायरी ५: जंतू तयार करणं

संध्याकाळी एक कॉलनी ल्युरिया ब्रॉथमध्ये, रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी त्यातला एक भाग शंभर भाग ताज्या ब्रॉथमध्ये घालून हलवत वाढवा. ६०० नॅनोमीटरला गढूळपणाचं वाचन ०.५ आलं की थांबवा, ई. कोलायला साधारण दोन ते तीन तास लागतात. रात्रभराचे शिळे जंतू थेट वापरू नका. जोमानं वाढणारे आणि थकून थांबलेले यांची बाहेरची रचना वेगळी असते आणि सीरमला ते वेगवेगळं उत्तर देतात. सगळे नमुने एकाच टप्प्यावर पकडले नाहीत तर तुलनेला अर्थ उरत नाही.

हलकं सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवा. बफर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं हवं. हँक्सचं द्रावण त्या दोन्हींसकट विकत मिळतं, ते चालेल. साध्या फॉस्फेट बफरमध्ये हे दोन्ही नसतात. सीरम निम्म्या प्रमाणात असेल तर ते निभावून जातं, पण दहा टक्के सीरमवर प्रयोग केला तर तिथंच मार खाल.

०.५ वाचनाला मि.लि.मध्ये ढोबळमानानं चाळीस कोटी जंतू असतात. दोनशे पट पातळ केलं की वीस लाख. हा अंदाज आहे. खरा आकडा प्लेट सांगेल.

पायरी ६: मिसळणं

ट्यूबमध्ये आधी १०० मायक्रोलिटर सीरम, बर्फावर. त्यात १०० मायक्रोलिटर जंतू. आता मि.लि.ला दहा लाख जंतू आणि पन्नास टक्के सीरम झालं. प्रत्येक नमुन्याची बफरवाली ट्यूब तशीच करा, आणि शून्य वेळेचा आकडा तिच्यातूनच घ्या. सीरमच्या ट्यूबमधून घेतलात तर मोजेपर्यंत मरायला सुरुवात झालेली असते.

सगळ्या ट्यूब एकदम ३७ अंशांवर, हलक्या हालचालीत. जंतूंची संख्या वाढवायचा मोह आवरा. जंतू फार झाले तर कॉम्प्लिमेंट संपून जातं आणि मरणाराही जगलेला दिसतो.

पायरी ७: मोजणं

एक, दोन आणि तीन तासांनी प्रत्येक ट्यूबमधून २० मायक्रोलिटर काढून १८० मायक्रोलिटर बर्फगार बफरमध्ये. थंडी आणि पातळपणा दोन्हींनी कॉम्प्लिमेंट तिथंच थांबतं. मग दहा-दहा पटीच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीचा २० मायक्रोलिटरचा थेंब कोरड्या आगर प्लेटवर, तीन थेंब. प्लेट ओली असेल तर थेंब पसरून एकमेकांत मिसळतात, म्हणून आदल्या दिवशीच ओतून ठेवा. थेंब शोषला गेला की उलटी करून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये.

सकाळी तीन ते तीस कॉलनी असलेली पायरी मोजा. समजा शून्य वेळेला हजार पट पातळ केलेल्या थेंबात सरासरी २२ कॉलनी. २२ गुणिले ५० गुणिले १०००, म्हणजे मि.लि.ला अकरा लाख. गुणिले ५० कशाला? कारण थेंब मि.लि.चा पन्नासावा भाग आहे. तासाभरानं दहा पट पातळ केलेल्या थेंबात ११ कॉलनी, म्हणजे ११ गुणिले ५० गुणिले १०, साडेपाच हजार. जगले अर्धा टक्का. आणि एकही कॉलनी नाही आली तर 'शून्य' लिहू नका. या पद्धतीत एका थेंबातली एक कॉलनी म्हणजे मि.लि.ला ५०० जंतू, तेव्हा '५०० पेक्षा कमी' लिहा.

पायरी ८: निकालाचं वाचन

एक जुनी, अजून वापरात असलेली प्रतवारी सहा प्रतींची आहे. पहिल्या दोन प्रती मरणाऱ्यांच्या: तासातच दहा टक्क्यांखाली, किंवा जरा उशिरानं का होईना तिसऱ्या तासापर्यंत दहा टक्क्यांखाली. तिसरी-चौथी मधल्यांची, आधी वाढून मग सुरुवातीच्या आकड्याखाली येणाऱ्यांची. पाचवी-सहावी टिकणाऱ्यांची. ही प्रतवारी पंचाहत्तर टक्के सीरमवर बेतलेली आहे. तुम्ही पन्नास टक्के वापरलं असेल तर प्रतीचं नाव उसनं घेऊ नका, सरळ टक्केवारीचा आलेख द्या.

वाचताना नजर आधी तापवलेल्या सीरमच्या रकान्यावर जाऊ द्या. ताज्यात घट आणि तापवलेल्यात वाढ असेल तर कॉम्प्लिमेंटनं मारलं. दोन्हींत घट असेल तर मारणारा दुसराच कुणीतरी आहे. बहुतेक वेळा दात्यानं गोळ्या घेतल्याचं सांगितलेलं नसतं. दोन्हींत वाढ आणि के-१२ मेलेला असेल, तरच तुमच्या जंतूला 'सीरमला दाद न देणारा' म्हणता येतं.

कोणत्या वाटेनं मेला हे बघायचं असेल तर सीरममध्ये १० मिलिमोलर ईजीटीए आणि तितकंच मॅग्नेशियम क्लोराइड घाला. ईजीटीए कॅल्शियम पकडतं, त्यामुळं क्लासिकल आणि लेक्टिन वाटा बंद पडतात आणि ऑल्टरनेटिव्ह मॅग्नेशियमवर चालू राहते. ईडीटीए घातलं तर तिन्ही बंद. पण ईडीटीए ग्रॅम-निगेटिव्ह जंतूचं बाहेरचं पटल स्वतःच खिळखिळं करतं, म्हणून त्याचं तापवलेल्या सीरमसोबतचं कंट्रोल वेगळं लावा.

एक विचित्र गोष्ट सांगून ठेवते. कधी कधी जास्त प्रतिपिंडं असलेलं सीरम कमी मारतं. सुडोमोनसचा फुप्फुसातला जुनाट संसर्ग असलेल्या काही रुग्णांत ओ-अँटिजेनविरुद्धची प्रतिपिंडं इतकी वाढतात की तीच जंतूवर पांघरूण होऊन बसतात आणि कॉम्प्लिमेंटला जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा सीरम पातळ केल्यावर मारण्याचा जोर वाढलेला दिसला तर लगेच चूक म्हणून फाडू नका, पुन्हा करून बघा.

हीच चाचणी उलटी फिरवली, म्हणजे जंतू ठरलेला आणि सीरम माणसागणिक बदलतं, की लशीची परीक्षा होते. लस घेतलेल्याचं सीरम पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत मेनिंगोकोकस मरतो ते बघायचं. माणसाच्या कॉम्प्लिमेंटसोबत एकास चारपर्यंत मारलं तर संरक्षण आहे, हा निकष १९६९ च्या कामातून आला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनअफ्रिव्हॅक ही लस २०१० मध्ये आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यात गेली, तिच्या चाचण्यांमध्येही हीच मोजणी होती. उलट, ज्यांच्या रक्तात शेवटचं कडं बनवणारी प्रथिनं जन्मतः नसतात, त्यांना मेनिंगोकोकसचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. सी-५ अडवणारं एक्युलिझुमॅब हे औषध सुरू करण्याआधी मेनिंगोकोकसची लस देतात, तेही याचसाठी.

कचऱ्याचं थोडक्यात: सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, प्लेट्स आणि ट्यूब १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मगच २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतल्या रंगाच्या पिशवीत. टेबलावर सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटं थांबा, लगेच पुसू नका.

त्या मुलीनं पुढं सहा दात्यांच्या ताज्या सीरमवर सगळं पुन्हा केलं. के-१२ अर्ध्या तासात संपला. बारातले सात मेले, चार वाढले आणि एक नमुना अडून बसला. ताज्या सीरममध्ये पहिल्या तासाला दहा पटीनं घट आणि तापवलेल्यातही तेवढीच. दात्यांच्या औषधांची चौकशी झाली, काही निघालं नाही. शेवटी तिनं तापवलेल्या ट्यूबमधला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू मेलेले नव्हते. प्रतिपिंडांनी त्यांचे पाच-पंधराचे गठ्ठे केले होते आणि प्लेटवर एकेका गठ्ठ्याची एकेकच कॉलनी उठत होती. तिनं वहीत त्या नमुन्यापुढचा 'संवेदनशील' हा शब्द खोडला आणि 'गठ्ठे, निकाल देता येत नाही' असं लिहिलं.